पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायासाठी फोटो आणि व्हिडिओ: कामाच्या जागेपासून ग्राहकाच्या फोनपर्यंत

पेस्ट कंट्रोलचं काम चांगलं झालं की पाहण्यासारखं काहीच उरत नाही. रंगारी गेल्यावर भिंत दिसते, सुतार गेल्यावर कपाट दिसतं. इथे ओट्याखाली झुरळं मारणाऱ्या जेलचे चार ठिपके आणि फरशीच्या कडेला बुजवलेली छिद्रं, एवढंच मागे राहतं. त्यामुळे नव्या ग्राहकाला दर्जा पारखायला काही मिळत नाही. तो दर विचारतो आणि सर्वांत कमी सांगेल त्याला बोलावतो. फोटो आणि व्हिडिओ ही अडचण सोडवू शकतात, पण त्यासाठी त्यांत तीन गोष्टी खऱ्याखुऱ्या दिसायला हव्यात: किडीची खूण, केलेलं काम आणि झालेला परिणाम. झुरळांची झुंड किंवा मेलेला उंदीर दाखवून लोकांची नजर खेचता येते. मात्र किळस आली की माणूस पुढे सरकतो, आणि ते चित्र तुमच्याच नावाशी चिकटून राहतं. नवा व्यवसाय असेल तर पहिल्या महिन्यापासूनच खुणा टिपायची सवय लावा.

सुरुवात कॉल-रजिस्टरपासून

कॅमेरा हातात घेण्याआधी मागच्या काही महिन्यांचे आलेले फोन पाहा. ग्राहक जे विचारतो त्याचंच चित्र बनवायचं असतं. हा कीटक नेमका कोणता? किती पसरलाय? तुम्ही येऊन काय करणार? भांडी बाहेर काढावी लागतील का? फरक किती दिवसांत पडेल? प्रत्येक प्रश्नाला एक फोटो किंवा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, असा हिशेब धरला तरी पहिल्या दोन महिन्यांचं साहित्य तयार होतं.

त्याच रजिस्टरमधून हंगामही कळतो. तुमच्या भागात पंखवाल्या वाळवीचे फोन कोणत्या महिन्यात वाढतात, उंदरांचे कधी, डासांचे कधी, ते नोंदवा आणि त्या किडीचं साहित्य दोन-तीन आठवडे आधी टाका. लाट ओसरल्यावर टाकलेली चांगली रीलही वाया जाते. व्यवसाय अगदी नवा असून रजिस्टर कोरं असेल, तर ओळखीच्या दहा घरांत विचारा. प्रश्न जवळपास हेच मिळतील.

साहित्य

महागडा कॅमेरा लागत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतला साधा स्मार्टफोन, छोटा ट्रायपॉड, फोनला अडकवायची मॅक्रो क्लिप-लेन्स, एक एलईडी टॉर्च, मिलिमीटरच्या खुणा असलेली पांढरी पट्टी, लेन्स पुसायचं मऊ कापड आणि फोनसाठी झिपची पारदर्शक पिशवी एवढं पुरतं. सिंकच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा पाइपच्या भोकात पाहण्यासाठी फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घेतलात तर तपासणीलाही उपयोग होतो आणि ग्राहकाला कधीच न दिसणारी जागा दाखवता येते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. औषध लागलेल्या हातमोज्यांनी फोन हाताळू नका. तोच फोन नंतर कानाला लागतो, घरी मुलांच्या हातात जातो. तपासणीचे सगळे फोटो औषध कालवायच्या आधी काढा. काम चालू असतानाचे फोटो दुसऱ्या माणसाने काढावेत किंवा फोन ट्रायपॉडवर पिशवीत ठेवून रेकॉर्डिंग आधीच सुरू करून ठेवावं. फवारणीच्या खोलीत लेन्सवर बारीक थेंब बसतात आणि पुढचे सगळे फोटो धुरकट येतात, म्हणून प्रत्येक खोलीआधी लेन्स पुसा.

खूण टिपायची कशी

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. कीटक पळून जातो, लपतो, पण त्याची खूण जागेवर असते. ग्राहकही आपल्या घरात आधी खूणच पाहतो, आणि फोटो पाहून 'अरे, हे तर आमच्या दाराच्या चौकटीवरही आहे' असं त्याला वाटलं की तो फोन उचलतो.

वाळवीच्या मातीच्या नळ्या समोरून फ्लॅश मारून काढल्या तर भिंतीत मिसळून जातात, कारण समोरच्या प्रकाशात सावलीच पडत नाही. फ्लॅश बंद करा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. नळीची सावली पडते आणि तिचा उंचवटा स्पष्ट होतो. पोकळ लाकूड, फुगलेला रंग, भुशासारखे दाणे हे सगळं याच तिरप्या प्रकाशात उठून दिसतं. पंखवाली वाळवी आणि पंखवाली मुंगी यांतला फरक दाखवणारा एक फोटो तर प्रत्येक व्यावसायिकाकडे असायलाच हवा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर सरळ आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. हे दोन कीटक शेजारी ठेवून काढलेलं चित्र लोक जपून ठेवतात आणि एकमेकांना पाठवतात.

ढेकणांसाठी गादीची शिवण, पलंगाचे सांधे आणि डोक्याकडची फळी पाहा. काळे ठिपके, रक्ताचे डाग, टाकलेली कात आणि जेमतेम १ मिमीची पांढरी अंडी, हे सगळं एकाच फ्रेममध्ये मिळालं तर उत्तम. पूर्ण वाढलेला ढेकूण ४-५ मिमी असतो. पट्टी शेजारी न ठेवता मोठा करून दाखवला तर लोक त्याला झुरळाचं पिल्लू समजतात आणि चुकीची सेवा मागतात. म्हणून जवळून काढलेल्या प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी हवीच.

घरातली लहान तपकिरी झुरळं, म्हणजे जर्मन जातीची, साधारण १३ ते १६ मिमी लांब असतात आणि त्यांच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेषा असतात. गटारातून येणारं मोठं अमेरिकन झुरळ ३५-४० मिमी भरतं. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून फोटोही वेगळे ठेवा. अंड्यांच्या कुपीचा फोटो फार कामाचा असतो. जर्मन झुरळाच्या एका कुपीत ३० ते ४० अंडी असतात, हे चित्रासोबत सांगितलं की एकाच भेटीत काम का संपत नाही ते वेगळं समजवावं लागत नाही.

उंदरांच्या बाबतीत लेंड्यांचा फोटो पुरतो. घरातल्या लहान उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिमीच्या, घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या १८-२० मिमीपर्यंत. भिंतीकडेला अंग घासून पडलेले तेलकट पट्टे, कुरतडलेली वायर, दाराखालची फट हेही घ्या. फटीत ६ मिमीचं ड्रिल-बिट किंवा पेन्सिल आडवी धरून फोटो काढा. लहान उंदराला एवढी जागा पुरते, आणि हे वाचण्यापेक्षा पाहिल्यावर पटतं.

मॅक्रो लेन्सने काढताना बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी होते. या क्लिप-लेन्स वस्तूपासून साधारण २-३ सेंमीवरच फोकस होतात आणि त्यांत स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. हातात फोन धरला की श्वासानेही फोकस सुटतो. फोन ट्रायपॉडवर किंवा दोन पुस्तकांवर टेकवा, २-३ सेकंदांचा टायमर लावा आणि एकाच जागेचे दहा-बारा फोटो काढून त्यांतला एक निवडा. जिवंत कीटकाच्या मागे लागण्यापेक्षा चिकट सापळ्याभोवती सापडलेले नमुने ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत जपा आणि सवडीने पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात फोटो काढा.

उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा आणि अतिनील टॉर्च यांची चित्रं दिमाखदार दिसतात, पण त्यांच्या मर्यादा सांगूनच वापरा. थर्मल कॅमेरा पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. तो वाळवीमुळे असेल, ओलीमुळे असेल किंवा आतल्या पाइपमुळे. अतिनील प्रकाशात उंदराचं मूत्र चमकतं, तशीच कपडे धुण्याची पावडरही चमकते. 'इथे वाळवी आहे' असं ठामपणे लिहिलेला थर्मल फोटो उद्या भिंत फोडल्यावर खोटा ठरू शकतो.

काम चालू असताना

प्रत्येक जागी फोटोंचा क्रम एकच ठेवा, म्हणजे टेक्निशियनला विचार करावा लागत नाही:

१. आख्ख्या खोलीचा फोटो
२. खूण असलेला कोपरा, दीड-दोन हातांवरून
३. तीच खूण जवळून, पट्टीसह
४. औषधाच्या डब्याचं लेबल, नाव आणि बॅच वाचता येईल असं
५. टेक्निशियन काम करताना, हातमोजे-मास्क-गॉगलसह
६. कामाचा तपशील जवळून
७. आवरलेली, पुसलेली जागा

सहावा फोटो व्यवसाय मिळवून देतो. वाळवीच्या उपचारात भिंत आणि फरशीच्या सांध्यात पाडलेल्या छिद्रांच्या रांगेशेजारी मापाची टेप पसरून फोटो काढा. ३० सेंमीवर छिद्र सांगितलं आणि टेपवर ३० सेंमी दिसलं, की दुसरा ठेकेदार स्वस्त का देतो तेही ग्राहकाला समजतं. जेलचे ठिपके बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या रुळामागे कुठे लावले ते दाखवा. उंदरांचा बेट बॉक्स, म्हणजे विषारी आमिषाची पेटी, कुलूपबंद आणि क्रमांक लिहिलेला दिसू द्या.

जाणकार माणूस फोटोतल्या चुका लगेच पकडतो. जेल लावलेल्या जागेवर फवारणी करतानाचा व्हिडिओ टाकला, तर फवाऱ्यामुळे झुरळं जेल खात नाहीत हे ज्याला माहीत आहे तो तुमच्याकडे येणार नाही. उघड्या अन्नाशेजारी पंप, बाजूला खेळणारं मूल, हातमोज्यांशिवाय औषध ओतणं, असे फोटो तर ताबडतोब काढून टाका. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तसं काम होऊच देऊ नका. धुराच्या ढगात उभा असलेला माणूस ही या धंद्यातली सर्वांत लोकप्रिय जाहिरात आहे, पण तिचा आधार घेऊ नये. धूर उडणाऱ्या डासांवर चालतो. फटीतल्या ढेकणांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि धूर पाहून बोलावलेला ग्राहक पुढच्या वेळी जेलच्या कामाला 'काहीच केलं नाही' म्हणतो.

'आधी' आणि 'नंतर'

या जोडीवर लोकांचा विश्वास बसतो, म्हणूनच ती प्रामाणिक असली पाहिजे. दोन्ही फोटो त्याच जागेचे, त्याच अंतरावरून, त्याच उंचीवरून आणि त्याच उजेडात हवेत. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांचा फोटो घेऊन ठेवा. फोनमधली जाळीची रेघ चालू करा आणि एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे फोन उजेड आपोआप कमी-जास्त करणार नाही. नाहीतर 'आधी'चा फोटो काळोखा आणि 'नंतर'चा उजळ येतो, आणि पाहणाऱ्याला फसवणुकीचा वास येतो.

त्याच दिवशी काढलेला 'नंतर'चा फोटो फक्त स्वच्छता दाखवतो, उपचाराचा परिणाम नाही. जेलनंतर मेलेली झुरळं एक-दोन दिवसांत दिसू लागतात, पण संख्या खरोखर घटायला एक-दोन आठवडे लागतात. ढेकणांची अंडी खोलीच्या सामान्य तापमानात ६ ते १० दिवसांत फुटतात आणि अनेक औषधांचा अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीनंतरचाच फोटो अर्थपूर्ण. वाळवीच्या नळीचा मधला २-३ सेंमी तुकडा मोडून तारखेसह फोटो काढा. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहा. नळी दुरुस्त झाली नसेल तर तो चांगला पुरावा. दुरुस्त झाली असेल तर ग्राहकाआधी तुम्हालाच कळलेलं बरं.

सर्वांत पक्का पुरावा चिकट सापळ्याचा. सापळ्यावर मार्करने तारीख आणि जागा लिहा, उपचाराआधी एक रात्र ठेवून झुरळं मोजा, मग नवा सापळा त्याच जागी, तितक्याच वेळासाठी ७ आणि १४ दिवसांनी. तीन सापळ्यांचा एकत्र फोटो आणि खाली तीन आकडे. यापुढे शब्दांची गरज राहत नाही. उंदीर अडकलेला सापळा मात्र कधीच टाकू नका. ते दृश्य क्रूर वाटतं, आणि बहुतेक समाजमाध्यमांच्या जाहिरात-नियमांत धक्कादायक दृश्यांवर बंधनं आहेत.

व्हिडिओ

३० ते ४५ सेकंद पुरे. पहिल्या तीन सेकंदांत खूण दाखवा, स्वतःचं नाव आणि लोगो शेवटी. प्रत्येक तुकडा काढताना फोन पाच सेकंद स्थिर धरा, इकडेतिकडे फिरवू नका. संकलनात प्रत्येक तुकड्यातले दोन-तीन सेकंदच लागतात. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं सगळं ठळक अक्षरांत पडद्यावर द्या. अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण उभ्या व्हिडिओत खालचा सुमारे पाचवा भाग आणि उजवी कड बटणांखाली आणि कॅप्शनखाली झाकली जाते.

एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली पट्टे हलताना दिसत असतील तर शटरचा वेग बदला. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२० सेकंद. आवाजासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक वापरा. ड्रिल आणि पंपाच्या गोंगाटात फोनचा माइक काही ऐकत नाही.

झुरळं जेलकडे येतात हे दाखवायचं असेल तर टाइमलॅप्स करा. झुरळांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावून रात्री फोन स्थिर ठेवा. दर ५ सेकंदांना एक फोटो घेतला तर दोन तासांत १,४४० फोटो होतात, आणि सेकंदाला ३० या वेगाने ४८ सेकंदांचा व्हिडिओ मिळतो. फोन चार्जरला लावून ठेवा, आणि जेलपासून जरा दूरून चित्रीकरण करा म्हणजे पाहणाऱ्याला किळस येणार नाही.

परवानगी आणि दावे

ग्राहकाच्या घरात कीड होती, ही त्याची खासगी गोष्ट आहे. कामाच्या फॉर्मवरच एक ओळ आणि सही घ्या: फोटो कुठे वापरणार, नाव-पत्ता देणार नाही, नको म्हटल्यास काढून टाकू. फ्रेममध्ये कुटुंबाचे फोटो, दारावरची पाटी, गाडीचा नंबर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येऊ देऊ नका. फोनमधलं लोकेशन बंद करा, कारण मूळ फाइल पाठवली तर फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. हॉटेल आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतले फोटो लेखी परवानगी असली तरी ओळख पटणार नाही असेच वापरा.

'शंभर टक्के सुरक्षित', 'बिनविषारी', 'कायमचा नायनाट' हे शब्द चित्रावर लिहू नका. अनेक देशांत अशा दाव्यांवर निर्बंध आहेत. युरोपीय संघाच्या २०१२ च्या ५२८ क्रमांकाच्या जैवनाशक नियमावलीत तर अशा उत्पादनांच्या जाहिरातीत 'बिनविषारी', 'निरुपद्रवी', 'नैसर्गिक' अशा शब्दांना स्पष्ट मनाई आहे. त्याऐवजी लेबलवर जे लिहिलंय तेच सांगा: किती वेळ खोली बंद ठेवायची, केव्हा आत यायचं, काय झाकायचं.

इंटरनेटवरून उचललेले फोटो वापरू नका. ते दुसऱ्याच्या मालकीचे असतात, आणि कित्येकदा कीटकाची जात तुमच्या भागात आढळतच नाही. संगणकाने बनवलेल्या चित्रांत पायांची संख्या आणि मिशा चुकतात. त्यांतून बनवलेली 'आधी-नंतर'ची जोडी ही सरळ फसवणूक आहे.

कुठे आणि कोणत्या मापात

रील आणि स्टेटससाठी उभं ९:१६, म्हणजे १०८० × १९२० पिक्सेल. फीडसाठी १०८० × १३५०. वेबसाइटला १२०० पिक्सेल रुंदी आणि शक्यतो २०० केबीच्या आत. गुगल बिझनेस प्रोफाइलवर जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी, ७२० × ७२० पिक्सेल चांगलं. व्हिडिओ ३० सेकंद आणि ७५ एमबीपर्यंत. आसपास शोधणारा माणूस बहुधा तिथेच पोहोचतो, म्हणून इतर सगळ्यांआधी ते प्रोफाइल भरा: गणवेशातले टेक्निशियन, गाडी, यंत्रं आणि कामाचे जवळून काढलेले फोटो. फाइलला कॅमेऱ्याने दिलेलं नाव तसंच ठेवू नका. किडीचं, जागेचं आणि उपायाचं नाव द्या, आणि वेबसाइटवर पर्यायी मजकुरात (फोटोला जोडायच्या 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये) एका वाक्यात फोटोचं वर्णन लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो साध्या पद्धतीने पाठवला तर तो दाबला जातो आणि अंड्यांसारखा बारीक तपशील पुसला जातो. कोटेशनसोबतचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भेटीच्या सकाळी येणाऱ्या टेक्निशियनचा गणवेशातला फोटो ग्राहकाला पाठवण्याची पद्धत ठेवा. अनोळखी माणूस घरात घेताना याचा मोठा आधार वाटतो.

गाडीवर किंवा पत्रकावर क्यूआर कोड टाकताना वाचण्याच्या अंतराचा दहावा भाग एवढी त्याची बाजू ठेवा. एक मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर १० सेंमी.

काय चाललं ते कसं कळेल

लाइक मोजून उपयोग नाही. रजिस्टरमध्ये 'कुठे पाहिलंत?' असा एक रकाना वाढवा आणि प्रत्येक फोनला विचारा. पत्रक, गाडी आणि रील यांच्यासाठी वेगवेगळे क्यूआर कोड किंवा लिंक ठेवा. गुगल प्रोफाइलमध्ये महिन्याला किती जणांनी फोनचं बटण दाबलं ते दिसतं. तो आकडा दर महिन्याच्या एकाच तारखेला लिहून ठेवा. सहा-आठ आठवडे गेल्यावर बहुधा एकदोन प्रकारच फोन आणताना दिसतील, तेच वाढवा.

फोटो वर्ष-महिना-दिवस, कीड आणि जागा अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत दुसरीकडे. परवानगीचा फॉर्मही त्याच फोल्डरमध्ये असू द्या, कारण दोन वर्षांनी कोणी फोटो काढून टाका म्हटलं तर तो लगेच सापडला पाहिजे. एखादं औषध वापरणं बंद केलं किंवा त्याचं लेबल बदललं, तर ते दिसणारे जुने फोटो आणि व्हिडिओ त्याच आठवड्यात सगळीकडून उतरवा.